सरकारी वकील कोणाचा?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला निमंत्रण दिले तेव्हा विषय सांगितला होता तो 'कायद्याच्या शिक्षणातील संधी' हा. या विषयावर तासभर बोलता येईल आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडणार नाही. म्हणून मी त्यातला एकच धागा धरणार आहे. आपल्या समाजातील हुशार मुले डॉक्टर होतात, इंजिनिअर होतात, अलीकडे वकीलही होऊ लागली आहेत. परंतु न्यायालयात सरकारतर्फे जो वकील उभा राहतो, त्या जागेकडे आपले लक्ष जात नाही. त्या जागेविषयी मला आज तुमच्याशी बोलावयाचे आहे.

मी स्वतः सरकारी वकील नाही, हे प्रथम सांगतो. माझी सारी वकिली ठाणे आणि कल्याणच्या न्यायालयांत आरोपीच्या बाजूला उभे राहण्यात गेली. या वर्षांत आरोपींच्या आयांनी मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. "वकीलसाहेब, समोर उभा आहे तो सरकारी वकील पोलिसांचाच माणूस ना?" कोर्टाच्या जिन्यात, तारीख पडल्यावर, डोळे पुसता पुसता विचारलेला हा प्रश्न आहे. आणि ज्यांच्या घरचे माणूस मारले गेले आहे अशा आयाही हाच प्रश्न उलट बाजूने विचारतात. "तो सरकारी वकील आमचाच ना?"

दोन्ही आयांना मी एकच उत्तर देतो. तो पोलिसांचा नाही आणि तुमचाही नाही. घडले ते कोर्टापुढे मांडावयाचे, आरोपीविरुद्ध असेल ते मांडावयाचे आणि त्याच्या बाजूचे काही कागदांत असेल तर तेही झाकून ठेवावयाचे नाही, एवढ्यासाठी त्याला नेमलेले असते. आता प्रत्यक्षात असे नेहमी होते का, असे तुम्ही विचाराल. नेहमी होत नाही. म्हणूनच तर हे भाषण.

आपल्या जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. एक ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीला. रिक्षावाल्याला नीट न सांगितले तर माणूस भलतीकडे जाऊन उतरतो. समजा डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्यात एक गुन्हा नोंदला गेला. तपास पोलीस करतात, पंचनामे पोलीस करतात, जबाब पोलीस लिहून घेतात. मग दोषारोपपत्र कल्याणच्या कोर्टात दाखल होते. इथपर्यंत पोलिसांचे काम. पुढे खटला चालवावयाचा तो सरकारी वकिलाने. खुनासारखा मोठा गुन्हा सत्र न्यायालयात जातो, आणि तेथे खटला सरकारी अभियोक्त्यानेच चालविला पाहिजे असे कायदाच सांगतो. मूळ फिर्यादीला आपला खासगी वकील देता येतो, परंतु तो सरकारी वकिलाच्या मदतीला. खटल्याचे सुकाणू सरकारी वकिलाच्याच हाती राहते. एखादा खटला मागे घ्यावयाचा झाला तरी अर्ज त्यानेच करावयाचा आणि कोर्टाने संमती द्यावयाची. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे.

पूर्वी खालच्या कोर्टांत पोलीस खात्याचेच प्रॉसिक्यूटर असत. १९७३ च्या कायद्याने ही पद्धत बंद केली, तरी आपल्या महाराष्ट्रात नाव बदलून माणसे पोलीस खात्याच्याच ताब्यात राहिली. शहाणे आणि इतर प्रॉसिक्यूटरांनी याविरुद्ध दाद मागितली आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला बजावले की, यांना पोलीस खात्यापासून वेगळे करा, यांचा स्वतंत्र संवर्ग करा. म्हणजे त्या आयांचा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. कालपरवापर्यंत सरकारी वकील खरोखरच पोलिसांचा माणूस होता!

अमेरिकेत तर ही जागा निवडणुकीने भरतात. मिसिसिपी राज्याने १८३२ साली ही पद्धत प्रथम घातली, आणि आज तेथील बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील लोकांची मते मागून निवडून येतो. मिनेसोटा राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल कीथ एलिसन हे मुसलमान आहेत. २००७ साली ते अमेरिकन संसदेत गेले तेव्हा शपथविधीच्या सोहळ्यासाठी त्यांनी राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या संग्रहातील कुराणाची प्रत मागवून घेतली होती. २०१८ साली ते अ‍ॅटर्नी जनरल म्हणून निवडून आले. २०२० च्या मे महिन्यात जॉर्ज फ्लॉईड नावाच्या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. तो खटला राज्यपालांनी एलिसन यांच्याकडे सोपविला आणि एप्रिल २०२१ मध्ये तो पोलीस खुनाबद्दल दोषी ठरला. एका पोलिसाला शिक्षा व्हावी म्हणून सरकारच्याच वकिलाने सरकारचा खटला लढविला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

आपल्याकडे सरकारी वकील निवडून येत नाही. त्याची नेमणूक होते. परंतु सरकारी वकिलीतून उठून लोकांकडे मते मागावयास गेलेले एक गृहस्थ महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांचे नाव या सभागृहातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. अ‍ॅडव्होकेट उज्ज्वल निकम.

निकमांचा जन्म १९५३ साली जळगावला झाला. वडील न्यायाधीश. कायद्याचे शिक्षण जळगावच्याच मणियार लॉ कॉलेजात झाले. मुंबई नाही, पुणे नाही, विलायत तर नाहीच. जळगावच्या जिल्हा न्यायालयातच ते सरकारी वकील झाले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसे गेली, आणि त्या खटल्यासाठी विशेष सरकारी वकील म्हणून त्यांना आणण्यात आले. जिल्ह्याच्या गावात शिकलेला वकील देशातल्या सर्वांत मोठ्या खटल्यात उभा राहिला. या खटल्याचा निकाल २००६ व २००७ सालांत लागला. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले, २३ सुटले. पुढे खैरलांजीचे दलित हत्याकांड आणि शक्ती मिलचे बलात्काराचे खटले त्यांनी चालविले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परंतु मला थांबावयाचे आहे ते २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यापाशी. १६६ माणसे मारली गेली होती. हातात बंदूक घेतलेल्या कसाबचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले होते. अशा आरोपीला वकील कशाला, असे त्या वेळी चांगले शिकलेले लोकही बोलत होते. तरीही त्याला वकील देण्यात आला. न्यायमूर्ती ताहिलियानी यांच्यापुढे रीतसर पुरावा झाला, उलटतपासण्या झाल्या, आणि मे २०१० मध्ये त्याला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. ती नोव्हेंबर २०१२ मध्ये अमलात आली. हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपीही होते, हे किती जणांच्या लक्षात आहे? दोघेही मुसलमान. त्यांनी हल्लेखोरांसाठी नकाशे तयार करून दिले, असा सरकारपक्षाचा आरोप होता. मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या खिशात असा एक नकाशा सापडल्याचे पोलिसांनी दाखविले. न्यायाधीशांनी तो पाहिला. त्या माणसाची पँट रक्ताने भरलेली आणि खिशातला कागद मात्र कोरा स्वच्छ! न्यायाधीशांनी तो पुरावा नाकारला आणि दोघांना सोडले. सरकारने अपिले केली. उच्च न्यायालयाने आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली.

एका खटल्यात, एकाच सरकारी वकिलाने मांडलेला पुरावा एका आरोपीविरुद्ध टिकला आणि दोघांविरुद्ध टिकला नाही. तो कागद कोर्टापुढे आणण्यापूर्वीच सरकारपक्षाने तो डोळ्यांसमोर धरून पाहावयास हवा होता, असे माझे मत आहे. तेवढ्याने त्या दोन घरांचे दिवस वाचले असते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली, ही बातमी तुम्ही ऐकली असेल. तिच्यावरून आपल्यातल्या मुलांना शाळेत आणि नोकरीच्या ठिकाणी टोमणे ऐकावे लागले, हेही तुम्हाला माहीत आहे. मार्च २०१५ मध्ये जयपूर येथे निकम यांनी स्वतःच सांगितले की, कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती व त्याला ती दिलीही गेली नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट निर्माण होऊ लागली होती, ती मोडावी म्हणून आपण ते बोललो. हे कबूल करावयास धैर्य लागते, ते मी त्यांना देतो. पण ही थाप मारावयाची गरज काय होती? खटला पुराव्याने भक्कम होता. जो वकील कोर्टात एक शब्द शपथेवाचून पुढे जाऊ देत नाही, त्याने कोर्टाच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यापुढे खोटे बोलावे, हे त्या जागेला शोभले नाही. त्यांच्या पंचवीसतीस वर्षांच्या मेहनतीबद्दल आदर ठेवूनच मी हे बोलत आहे.

२०२४ साली निकमांनी भारतीय जनता पक्षातर्फे उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेची निवडणूक लढविली. वर्षा गायकवाड यांच्याकडून ते १६,५१४ मतांनी पराभूत झाले. निवडणूक होताच त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमण्यात आले व त्यावर विरोधी पक्षांनी टीका केली. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. कोणी कोणत्या पक्षात जावे हा ज्याचा त्याचा हक्क आहे. मात्र मते मागून झाल्यावर त्याच माणसाने लगेच सरकारी वकिलाच्या जागी उभे राहू नये, मध्ये काही काळ जावा, असे मला वाटते. आरोपीच्या मनात शंका राहता कामा नये, आणि फिर्यादीच्याही.

सरकारी वकील वाईट निघाला तर काय होते, हे आपण बेस्ट बेकरी खटल्यात पाहिले. १ मार्च २००२ रोजी बडोद्यात त्या बेकरीत १४ माणसे मारली गेली. तेथील कोर्टाने २००३ साली सर्व २१ आरोपींना सोडले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये तो निकाल रद्द केला आणि सरकारी वकिलावर कडक ताशेरे ओढले. सत्य कोर्टापुढे मांडणाऱ्या माणसासारखे त्यांचे वागणे नव्हते, आरोपीच्या वकिलासारखे होते, असा त्यांचा आशय होता. खटला पुन्हा महाराष्ट्रात चालला. मुंबईत मंजुळा राव या विशेष सरकारी वकील होत्या. साक्षीदार फितूर झाले, मुख्य साक्षीदार मुलीने जबाब फिरविला, तरी २००६ साली ९ जणांना शिक्षा झाली. अपिलात २०१२ साली त्यांपैकी चौघांची कायम राहिली. घटना तीच, मेलेली माणसे तीच. पहिल्या कोर्टात काहीही सिद्ध झाले नाही आणि दुसऱ्या कोर्टात झाले. सरकारी वकील बदलला की काय फरक पडतो, ते यावरून दिसते.

आणि २०२५ चा जुलै महिना आपण विसरू शकत नाही. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. १८९ प्रवासी मेले होते. आरोपींची जवळजवळ १९ वर्षे तुरुंगात गेली, त्यांतला एक तर निकालापूर्वीच तेथे वारला. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरावयाचा नाही असा आदेश दिला, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठविले नाही. ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपी सुटले. तेथे सहा माणसे मेली होती. तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले होते. एका निकालाने एका बाजूचे लोक हसले, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूचे. मला दोन्ही वेळा हसू आले नाही. एकूण १९५ माणसांना कोणी मारले हे सरकारपक्षाला कोर्टात सिद्ध करता आले नाही, एवढेच मला त्या दहा दिवसांत दिसले.

मालेगावच्या खटल्यात प्रारंभी रोहिणी सालियन या विशेष सरकारी वकील होत्या. जून २०१५ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितले की, आरोपींविरुद्ध मवाळ राहा असा निरोप राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्याने आपल्याला दिला. यंत्रणेने हे नाकारले. खरेखोटे करणे माझे काम नव्हे. पण सालियनबाईंना गप्प बसून दुसरे खटले घेता आले असते आणि कोणी एका शब्दाने विचारले नसते. त्या बोलल्या.

आता पालक म्हणतील, वकीलसाहेब, हे सारे ठीक; पण आमचा मुलगा सरकारी वकील झाला आणि त्याला आपल्याच मोहल्ल्यातल्या पोराविरुद्ध उभे राहावे लागले तर? लोक काय म्हणतील?

याला मी बद्रुद्दीन तय्यबजींचे उदाहरण देतो. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी ते एक, म्हणून शिक्षणसंस्थांच्या सभेत त्यांचे नाव नेहमी निघते. पण ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही होते. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि जामिनाचे अर्ज नामंजूर होत गेले. तय्यबजींपुढे अर्ज आला तेव्हा त्यांनी जामीन दिला. तो अर्ज मांडणारे बॅरिस्टर होते दावर. अकरा वर्षांनी, १९०८ साली, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा तेच दावर न्यायाधीश होते. त्यांनी जामीन नाकारला! तय्यबजींनी टिळकांची जात पाहिली नाही आणि सरकारची मर्जीही पाहिली नाही. मोहल्ल्यातल्या लोकांनी काही म्हटलेच तर ही गोष्ट त्यांना सांगा.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. कोर्टाचे व माणसांचे नाव सांगत नाही. एका मारहाणीच्या खटल्यात आपल्यातली एक मुलगी साक्षीदार होती. ती घरी उर्दू बोलणारी. पोलिसांपुढे ती म्हणाली होती, "उस वक्त दादा घर पे थे." जबाब मराठीत लिहिला गेला, "त्या वेळी मोठा भाऊ घरी होता." आपल्याकडे दादा म्हणजे वडिलांचे वडील, मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ. जबाब लिहिणाऱ्याने मुद्दाम काही केले नव्हते. साक्षीच्या दिवशी मुलीने आजोबा घरी होते असे सांगितले, आणि आरोपीच्या वकिलाने तिला धरले. पोलिसांना भाऊ सांगितला, आता आजोबा सांगतेस, तेव्हा खोटे कोणते? मुलगी घाबरून रडावयास लागली. तो वकील मीच होतो. मला चूक कुठे झाली ते कळत होते, पण ती सांगणे माझे काम नव्हते. ते समोरच्या सरकारी वकिलाचे होते. त्याला उर्दूचा गंध नव्हता. तो कागद चाळत बसला. फेरतपासणीत एकच प्रश्न विचारावयाचा होता, "बाई, तुम्ही दादा कोणाला म्हणता?" तो विचारला गेला नाही. आरोपी सुटला. माझी फी मला मिळाली. ती मुलगी जिना उतरताना माझ्याकडे पाहत होती, ते अजून आठवते.

त्या जागी आपल्या संस्थेत शिकलेला एखादा मुलगा अगर मुलगी असती तर प्रश्न अर्ध्या मिनिटात विचारला गेला असता. अशी जागा मिळविण्याची वाट अवघड असली तरी बंद नाही. खालच्या न्यायालयांतील सहायक सरकारी अभियोक्ता हे गट-अ चे पद असून त्याची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोग करतो. कायद्याची पदवी, सनद, कोर्टातला काही वर्षांचा अनुभव, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. जाहिरातीतल्या अटी प्रत्येक वेळी स्वतः वाचाव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये. सत्र न्यायालयातील सरकारी अभियोक्ता व्हावयाचे तर किमान सात वर्षांची वकिली लागते, आणि विशेष सरकारी वकिलाला दहा वर्षांची. तिथे नेमणूक सरकार करते आणि ओळखीपाळखीही चालतात, हे मी लपवीत नाही. म्हणून मी मुलांना परीक्षेची वाट धरावयास सांगतो.

आणि मराठी! आपल्या खालच्या कोर्टांचे काम मराठीत चालते. जबाब मराठीत, पंचनामा मराठीत, साक्ष मराठीत. उर्दू माध्यमातल्या मुलांनी मराठीचा पेपर केवळ पास होण्यापुरता लिहू नये. आईबापांनी घरात एक मराठी वर्तमानपत्र घ्यावे. महिन्याला फार पैसे लागत नाहीत. उर्दू तर घरची आहेच, ती सोडावयास मी सांगत नाही. त्या मुलीचे 'दादा' दोन्ही भाषा जाणणाऱ्यालाच कळले असते.

मुलींविषयी वेगळे काय सांगू? वर मी दोन बायकांची नावे घेतली, ती मुद्दाम शोधून काढलेली नाहीत.

ज्या विद्यार्थ्यांना हे काम प्रत्यक्ष पाहावयाचे आहे, त्यांना कोणाची चिठ्ठी लागत नाही. काही नाजूक खटले सोडले तर सुनावणी सर्वांना खुली असते. सुट्टीच्या दिवसांत एखाद्या सकाळी कल्याणच्या किंवा ठाण्याच्या कोर्टात या. ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाईल बंद करा आणि मागच्या बाकावर बसा. साक्ष चालू असेल तर आरोपीच्या वकिलाकडे पाहू नका, आम्ही हातवारे फार करतो. सरकारी वकिलाकडे पाहा. तो कोणता प्रश्न विचारतो आणि कोणता विचारावयाचा राहून जातो, ते वहीत लिहून ठेवा. मधल्या सुट्टीत मी बाररूममध्ये असतो. वही घेऊन माझ्याकडे या.